प्रयोगशाळेत जाण्याआधी
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे आमचा आवाज पोचत नाही.

येत्या २८ फेब्रुवारीला आपल्या वर्गातली मंडळी पुण्याला जाणार आहेत. त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ साली याच दिवशी रामन यांना प्रकाशाविषयीचा मोठा शोध लागला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस पाळतात. पुण्या-मुंबईच्या कित्येक संशोधन संस्था त्या सुमारास आपली दारे सर्वांना उघडी करतात. आत भाषणे होतात. सूक्ष्मदर्शक यंत्रे मांडून ठेवतात. त्या यंत्रातून डोळ्यांना न दिसणारे जंतू दिसतात. आपण जी संस्था पाहणार, ती जीवशास्त्राची आहे. जीवशास्त्र म्हणजे जिवंत वस्तूंचे शास्त्र. झाड, किडा, माणूस, रोगाचा जंतू, सगळे त्यात आले.

काल वर्ग सुटल्यावर तुमच्यातल्याच एक काकू आम्हाला म्हणाल्या, "मास्तर, आम्ही तिथं जाऊन काय करणार? ती शिकलेली माणसं. ती बोलणार आणि आम्ही माना डोलावणार. एवढ्यासाठी एका दिवसाचा रोज कशाला बुडवायचा?"

रात्री आम्हाला झोप लागेना. काकूंचे बोलणे खोटे नव्हते. म्हणून आज धडा बाजूला ठेवला आहे. आज एक गोष्ट सांगतो. ती घडलेली आहे.

१८९६ साली सप्टेंबर महिन्यात मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. तो प्रथम ओळखला डॉक्टर व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्याचे. प्लेग म्हणजे काय, ते तुमच्या घरच्या जुन्या माणसांनी सांगितले असेल. जोराचा ताप येई. काखेत, जांघेत गाठ येई. दोन-चार दिवसांत माणूस जाई. मुंबई ओस पडू लागली.

तेव्हा सरकारने हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाला बोलावले. तो रशियातल्या ओडेसा गावचा. ते गाव आज युक्रेन देशात आहे. त्याने आधी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस काढली होती. ती घेऊन तो कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांत हिंडला होता. जाताना इथल्याच डॉक्टरांना बरोबर नेई. कुणाला जबरदस्तीने टोचत नसे. मुंबईत त्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक लहानशी खोली मिळाली. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामानावर तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली.

आता ती टोचायची कुणाला? १० जानेवारी १८९७ रोजी त्याने पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना देत, त्यापेक्षा जास्त लस त्याने घेतली. ताप आला, अंग दुखले, पण तो बरा झाला. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून तयार झाले, त्यांना टोचले. टोचलेल्यांत आजार कमी झाला, न टोचलेल्यांत जास्त झाला. हे आकडे मांडून लोकांना दाखवता आले. पुढे आगाखान यांनी आपली एक मोठी हवेली लस तयार करायला दिली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम वीस. आपल्या खोजा समाजाची भीती जावी, म्हणून त्यांनी चारचौघांत दंड पुढे करून लस टोचून घेतली. दंडच पुढे केला, म्हणजे निराळे भाषण कशाला हवे?

त्याच वर्षी पुण्यात काय झाले, तेही ऐका. तिथे प्लेग हटवायला गोरे सोजीर आणले. ते घरात शिरत, देवघरातसुद्धा जात. माणसे ओढून इस्पितळात नेत, सामान जाळत. का नेतो, कुठे नेतो, हे धड कुणी सांगत नसे. लोक आजारी माणूस लपवू लागले. लपवल्यावर रोग जास्तच पसरतो. शेवटी २२ जून १८९७ रोजी प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत प्लेगच्या आजाऱ्यांची सेवा करीत होते. तिथे लोक आपणहून येत. त्याच सेवेत सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता उंदरांची गोष्ट. तीच आम्हाला खरी सांगायची आहे.

घरात उंदीर मरून पडू लागले, की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, ही आपल्याकडची रीत. तुमच्या पणज्या-पणजोबांनी हे केले आहे. शास्त्रज्ञांना १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला. गावकऱ्याला जंतू ठाऊक नव्हता, पण उंदीर पक्का ठाऊक होता. मात्र उंदराचा रोग माणसाला लागतो कसा, हे कुणालाच कळले नव्हते. १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने सांगितले, की हे काम पिसवांचे. उंदीर मेला, की त्याच्या अंगावरच्या पिसवा भुकेल्या होतात आणि माणसाला चावतात. पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले.

मग मुंबईत परळला प्रयोग झाले. १८९९ साली हाफकिनची प्रयोगशाळा तिथल्या जुन्या लाटसाहेबाच्या वाड्यात गेली होती. पुढे १९०५ पासून शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने तिथे काम केले. उंदरासारखे गिनीपिग नावाचे प्राणी त्यांनी पिंजऱ्यांत ठेवले. एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर टांगला, दुसरा दोन फुटांवर. खाली प्लेगच्या पिसवा. खालच्या पिंजऱ्यातला प्राणी आजारी पडला. वरचा बचावला. का? पिसूची उडी वीतभरसुद्धा नसते! एवढी साधी गोष्ट. आपल्या शेतातल्या माणसालाही सुचली असती.

म्हणजे गाव सोडून माळावर जाणारी माणसे अडाणी नव्हती. ती पिसवांपासून लांब जात होती. फक्त पिसूचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. १९९४ साली आपल्याच बीड जिल्ह्यात मामला गावी आधी उंदीर पडले, पिसवा चावू लागल्या आणि मग माणसांना गाठी आल्या. आज प्लेगवर औषधे आहेत. वेळेवर दिली, तर माणूस वाचतो. पण मेलेला उंदीर प्रथम कुणाला दिसतो? घर झाडणाऱ्या बाईला. तिने ते सांगायला हवे, आणि दवाखान्याने ते ऐकून घ्यायला हवे.

शास्त्रातही चुका होतात, हे लपवू नये. १९०२ साली पंजाबात मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने गेली. ठपका हाफकिनवर आला. त्याचे काम गेले. पुढे कळले, की दोष लसीचा नव्हता. बाटली उघडताना हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरला. त्याची पाच वर्षे मात्र गेली, आणि त्या १९ घरांचे काय गेले ते विचारू नका. १९२५ साली परळच्या त्या संस्थेला हाफकिनचे नाव दिले. आजही तेच नाव आहे.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. २०१८ साली नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस द्यायची ठरले. आम्ही तेव्हा मुख्याध्यापक होतो. आम्ही काय केले? सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहवून मुलांबरोबर घरी पाठवल्या. काम झाले असे समजून निवांत बसलो. लशीच्या दिवशी निम्मे वर्ग रिकामे! आम्ही रागावलो. पालकांना नावे ठेवली. मग आशाताई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, चिठ्ठ्या कोनाड्यात आहेत. वाचणार कोण?" त्या संध्याकाळी त्या देवळाच्या ओट्यावर बसल्या. ताप येईल का, दंड सुजेल का, मुलीला पुढे काही बाधेल का, सगळ्या प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली. दुसऱ्या फेरीला मुले आली. जे काम आमच्या दोनशे चिठ्ठ्यांनी झाले नाही, ते त्या एका ओट्याने केले. आणि त्या चिठ्ठ्या ज्यांना वाचता आल्या नाहीत, त्यांतल्या तिघी आज इथे पुढच्या ओळीत बसल्या आहेत. काल माना डोलावण्याची गोष्ट काढणाऱ्या काकू त्यांतल्याच.

तेव्हा काकू, पुण्याला माना डोलावू नका. तिथले साहेब अवघड बोलू लागले, तर म्हणा, "साहेब, सोपं करून सांगा." सरकारी संस्था आपल्या पैशावर चालतात. आपण काडेपेटी घेतली, तरी तिच्यावर कर भरतो. आणि नुसते विचारू नका, सांगाही. कोणत्या महिन्यात साप जास्त निघतात, कोणती अळी कोणत्या पिकावर येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऐकणारा शहाणा असेल, तर तो वही काढील.

एक सूचना. काचेच्या सामानाला हात लावायचा नाही. मुलांना आवरा. गाडी सकाळी सहाला पारापासून निघेल. भाकरी बरोबर घ्या.

आता प्रत्येकाने पाटीवर एक प्रश्न लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. आम्ही फिरून पाहतो... हे काय लिहिलंत, काकू? "लस बाटलीत बिघडली तर कसं कळतं?"

वा! हा मलकोवालचाच प्रश्न झाला. थोडे आम्ही सांगतो. पुष्कळशा लशींच्या बाटलीवर एक लहान वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. लशीला उष्णता लागत गेली, की चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल, तर उष्णतेने लस बिघडलेली नाही. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला, तर ती बाटली वापरायची नाही. पण तो चौकोन रंग कसा बदलतो, हे आम्हालाही ठाऊक नाही. ते तुम्ही तिथे विचारा. परत आलात, की आम्हाला सांगा.