मुलांसकट घराचं काम: बाहेर कधी राहायचं, घरात कसं राहायचं

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय घराच्या नूतनीकरणाचा आहे, पण टाइल्स कुठल्या घ्याव्यात, मॉड्युलर किचनचा भाव काय, यावर मी बोलणार नाहीये. त्यावर व्हिडिओंचा पाऊस पडलाय. मला बोलायचंय ते घरात काम चालू असताना लहान मुलांना घेऊन त्याच घरात राहण्याबद्दल.

पुण्या-मुंबईत जुन्या सोसायट्यांमधले फ्लॅट दुरुस्त करून राहणारी खूप कुटुंबं आहेत. आमचाही तसाच. पस्तीसेक वर्षांची इमारत, दोन बेडरूम, दोन बाथरूम. चार वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा, आणि काम चाललं अडीच महिने.

अशा वेळी लोक दोन सल्ले देतात. पहिला, "सरळ दुसरीकडे भाड्याने राहा." आता एकीकडे कर्जाचा हप्ता, दुसरीकडे कामाचा खर्च, त्यात वर भाडं आणि डिपॉझिट. शिवाय अडीच महिन्यांसाठी घर देतं कोण? दुसरा सल्ला, "आमच्या वेळी पण झाली की कामं, काय झालं मुलांना?" मला हे दोन्ही पटत नाहीत. कारण कामाचे सगळे दिवस सारखे नसतात. आमच्या पंचाहत्तर दिवसांत खरे वाईट दिवस दहा-बाराच होते. आणि ते कधी येणार हे आधीच कळतं, कारण कामाचा क्रम साधारण ठरलेला असतो: तोडफोड, भिंतीत चर पाडून पाइप आणि वायरिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतारकाम, मग पुट्टी आणि रंग. थोडं पुढे-मागे होतं, इतकंच. मग पैसा आणि नातेवाइकांची मदत या दहा-बारा दिवसांसाठी राखून ठेवायची. सगळ्या मुक्कामाचं सार एवढंच आहे.

आता हे वाईट दिवस कुठले, ते बघू.

पहिले म्हणजे तोडफोडीचे आणि भिंतीत चर पाडायचे. काँक्रीट, विटा, टाइल्स कापताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. जी धूळ डोळ्यांना दिसते ती लवकर खाली बसते. जी दिसत नाही ती हवेत तरंगत राहते आणि फुप्फुसात खोलवर जाते. म्हणून "आता धूळ बसली, या आत" यावर फार विसंबू नका. टाइल्स कापायचं काम गच्चीवर किंवा खाली मोकळ्या जागेत, पात्यावर पाणी सोडून करायला सांगा. पाण्याने धूळ खूपच कमी होते. आणि संध्याकाळी कोरडा झाडू मारू देऊ नका, त्याने बसलेली धूळ परत उठते. ओलं फडकं, दोन बादल्या, आणि पाणी बदलत राहायचं.

दुसरे दिवस जुना रंग खरवडायचे. यावर मी जरा थांबणार आहे, कारण याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी लागलेल्या रंगांत, विशेषतः दारं, खिडक्या, ग्रिल यांच्या ऑइलपेंटमध्ये, शिसं बरंच जास्त असू शकतं. आपण जुन्या दारावर एकावर एक चार थर देतो. ते थर शाबूत आहेत तोवर फारसा प्रश्न नाही. रंगारी दादा कोरडा पॉलिश पेपर किंवा सँडर घेऊन बसले, की त्या सगळ्या थरांची पूड होते.

मोठ्या माणसापेक्षा मुलांना धोका जास्त का? एक तर रांगणारं मूल जमिनीवर असतं आणि हात तोंडात घालतं. दुसरं, पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या शरीरात जेवढा भाग शोषला जातो, त्याच्या चार-पाच पट लहान मुलांच्या शरीरात शोषला जाऊ शकतो. आणि परिणाम होतो तो मेंदूच्या वाढीवर. रक्तातल्या शिशाची 'इतकं चालतं' अशी सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताप येत नाही, पुरळ येत नाही, मूल छान खेळत असतं. म्हणून तर ते लक्षात येत नाही.

उपाय सोपे आहेत. जो जुना रंग घट्ट बसलाय तो खरवडू नका, वरून प्राइमर मारून रंग द्या. खरवडायचाच असेल तर पाणी मारून, ओला घासा. हीट गन किंवा ब्लो लॅम्पने जाळू तर अजिबात देऊ नका. दार बदलायचंच असेल तर ते अख्खं काढून बाहेर न्या. आणि तेवढे दिवस मुलं आणि घरात कुणी गरोदर असेल तर तीसुद्धा, घरात नको. मुलं या धुळीत राहिली असतील आणि शंका वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, रक्तातलं शिसं तपासता येतं.

तिसरे दिवस पॉलिशचे. मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचा स्प्रे, थिनरचा वास. यात मास्कचा उपयोग नाही, साधा मास्क वाफ अडवत नाही. घर सोडायचं आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या. नवीन प्लायवुडच्या फर्निचरमधूनही सुरुवातीला फॉर्मल्डिहाइड जास्त सुटतं. म्हणून मुलांच्या खोलीतलं कपाट आधी करून घ्या, म्हणजे त्याला उघडं राहायला सर्वांत जास्त दिवस मिळतील.

आम्ही तोडफोडीला चार दिवस साताऱ्याला आईकडे राहिलो, रंग खरवडायला तीन दिवस सासूबाईंच्या बहिणीकडे, पॉलिशला तीन दिवस मैत्रिणीकडे. "तीन दिवस येऊ का?" असं विचारलं की लोक हो म्हणतात. अडीच महिने कुणालाच विचारता येत नाही.

आता उरलेल्या दिवसांबद्दल. एक खोली अशी ठेवायची की जिथे काम अजिबात शिरणार नाही. त्या खोलीचं काम सर्वांत शेवटी, बाकीचं घर पूर्ण झाल्यावर. दाराला जाड प्लास्टिकचा पडदा, खालच्या फटीत ओला टॉवेल, उंबऱ्याबाहेर ओलं पोतं, आणि चपला बाहेर. कामाच्या खोलीच्या खिडकीत एक टेबलफॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून लावायचा, म्हणजे हवा घरातून बाहेर जाते. आमची ही खोली म्हणजे झोपायची, जेवायची, इंडक्शनवर खिचडी लावायची आणि माझ्या ऑफिसच्या मीटिंगची. गैरसोय होते, पण मुलांना एक जागा कालच्यासारखीच आज सापडते, आणि त्यांना तेवढं पुरतं. दोन बाथरूम असतील तर दोन्ही एकदम कधीच काढू नका. वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून गळती बघतात, त्यातच एक-दोन दिवस जातात.

त्या पाण्यावरूनच सांगते. छोटं मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं. पाणी भरलेल्या बाथरूमला बाहेरून, उंचावर कडी हवी. क्युरिंगसाठी भरलेली पिंपं झाकलेली हवीत. आणि दर आठवड्याला ती पूर्ण रिकामी करून, आतून घासून भरायची. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

विजेचं एक. जुन्या घरात बहुधा फ्यूज किंवा एमसीबी असतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. तो जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरच्या आसपास फरक पडला की लगेच सप्लाय तोडतो. इलेक्ट्रिशियन तो शेवटी, नवीन बोर्डाबरोबर लावतात. पहिल्याच दिवशी लावून घ्या, कारण उघड्या वायरी आणि ओल्या फरश्या कामाच्या दरम्यान असतात, नंतर नाही.

आणि थिनर. साइटवर थिनर आणि टर्पेंटाइन पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ठेवायची पद्धत आहे. मुलाला ती पाण्याची बाटलीच वाटते. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाटलीत काही भरायचं नाही, डबा हवा, आणि तो माळ्यावर. चुकून मूल प्यायलंच तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात गेलं तर जास्त वाईट. थेट दवाखाना.

ओल्या पाण्याने घासा म्हटल्यावर आमचे रंगारी दादा हसले. "ताई, वीस वर्षं कोरडंच घासतोय, काही होत नाही." मी विचारलं, "दादा, खोकला कधीपासून आहे?" ते म्हणाले, "तो असतोच." मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनीच विचारलं, कपड्यांवरून ही पूड घरी जाते का? जाते. त्यांची धाकटी तीन वर्षांची आहे. त्या दिवसापासून ते कामाचे कपडे आमच्याकडेच काढून, हातपाय धुऊन जायला लागले. नळ आणि साबण आपण देऊ शकतो, मास्कही. ते कामाच्या खर्चातच धरा.

राडारोडा उचलायला एक ताई यायच्या. त्यांचं दोन वर्षांचं मूल गोण्यांच्या शेजारी बसायचं. आमची मुलं पडद्याआड आणि ते तिथे, हे दुसऱ्या दिवशी मला बघवेना. मग ते आमच्या खोलीत खेळायला बसलं. माझ्या मुलीने त्याला सगळे ठोकळे दिले, लाल सोडून. लाल तिने स्वतःकडे ठेवले. त्याला मात्र लालच हवे होते.

मुलांच्या मनाचं थोडं. चार वर्षांच्या मुलीला मी भिंतीवर कामाचा तक्ता काढून दिला. आज कुठली खोली, उद्या कुठली, आणि साताऱ्याला कधी. रोज एक चौकोन रंगवायचं काम तिचं. तरी तिने पुन्हा दोनदा गादी ओली केली, रात्री उठून "माझं घर कुठेय" म्हणून रडली. तोडलेली भिंत मोठ्यांना उद्याचं ओपन किचन दिसते, तिला फक्त तोडलेली दिसते. त्यावर उपाय नाही, जवळ घेऊन झोपायचं. धाकट्याच्या झोपेसाठी मिस्त्रींशी ठरवलं होतं: आवाजाचं काम दहा ते एक, आणि दुपारी पुट्टी, मापं, प्लंबिंगची जोडणी. त्यांचीही जेवणाची सुट्टी तेव्हाच असते, त्यामुळे ते लगेच तयार झाले. फक्त हे आगाऊ रक्कम देण्याआधी ठरवा.

कंत्राटदाराकडून कोटेशन घेताना शेवटी तीन ओळी लिहून घ्या. तोडफोड, रंग खरवडणं आणि पॉलिश यांच्या तारखा, किमान आठवडाभर आधी. कापणं आणि घासणं ओलं. आणि एक खोली शेवटपर्यंत बंद. किमतीत फार फरक पडत नाही. "एवढं कोण बघतं?" असं जो म्हणेल, त्याचं कोटेशन कितीही कमी असू दे, दुसरा बघा.

तुमच्याकडे काम सुरू होणार असेल तर आजच कॅलेंडर उघडून ते दहा दिवस शोधा आणि कुणाकडे राहायचं ते विचारून ठेवा. पुढच्या भागात सोसायटीची परवानगी, डिपॉझिट आणि राडारोडा टाकण्याचे नियम यावर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या.