पाटी आणि कळफलक

वस्तू पारखताना ती कोणत्या कामासाठी घ्यावयाची हे आधी ठरवावे लागते. उदाहरणादाखल अ‍ॅपल कंपनीने २०१५ च्या नोव्हेंबरात विक्रीस आणलेली ‘आयपॅड प्रो’ ही १२.९ इंचांची पाटी घेऊ. वाचनास व चित्रकलेस ती उत्तम, यात वाद नाही. परंतु आम्हां शिक्षकांना प्रश्नपत्रिका लिहावयाच्या असतात. काचेवर बोटे आपटून दोन पाने लिहिली की मन कंटाळते. मग कळफलक हवा, आणि तो म्हणे ऐच्छिक! अमेरिकेत २०१५ मध्ये पाटीस ७९९ डॉलर पडत, कळफलकास वेगळे १६९. त्याच कंपनीचा लहान लॅपटॉप त्या वेळी कळफलकासकट ८९९ डॉलरांना मिळत होता.

हा कळफलक चुंबकाने चिकटतो, पाटीतूनच वीज घेतो; योजना सुबक आहे. मात्र पडदा एकाच कोनात उभा राहतो आणि मांडीवर डळमळतो. पुढे २०२० मध्ये ट्रॅकपॅडसह नवा कळफलक आला, तो तर ३४९ डॉलरांचा!

लेखन हेच ज्याचे मुख्य काम, त्याने लॅपटॉपच घ्यावा, असे माझे मत आहे. चित्रकाराने पाटी खुशाल घ्यावी; त्याला कळफलक नको. त्याला लेखणी लागेल; २०१५ मध्ये ती ९९ डॉलरांची होती. तीही वेगळीच!