पगाराचा कर आणि संगणकाचा हिशेब



आज मी आपल्याशी आयकराच्या हिशेबाविषयी बोलणार आहे. आयकराचं नाव काढलं की शेतकरी मंडळी म्हणतात, "ते काही आमचं काम नव्हे." आणि आमची शिक्षक मंडळी म्हणतात, "ते संगणक पाहून घेतो." दोघांचंही म्हणणं अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कोणतं, ते सांगावं म्हणून मी आज आपल्यापुढे आलो आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. मी लाखनीकडच्या एका शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे फेब्रुवारीचं पगारबिल करायची वेळ आली की आजूबाजूच्या शाळांतले सोबती म्हणतात, "गुरुजी, कराचा तक्ता तुम्हीच करा." मग मी संगणकावर एक्सेलचा तक्ता तयार करतो. एका घरात पगार भरायचा, की दुसऱ्या घरात कर आपोआप उमटतो. तो तक्ता या फोनवरून त्या फोनवर जातो आणि चार दिवसांत कुठल्या कुठे पोचतो.

२०२४-२५ सालचा माझा तक्ता असाच गावोगाव गेला. आमच्या एका बाईंचा वर्षाचा पगार ७,८५,००० रुपये होता. तक्त्याने त्यांचा कर २१,८४० दाखवला. दरमहा ५०० प्रमाणे अकरा महिन्यांत ५,५०० कापले गेले होते. राहिलेले १६,३४० फेब्रुवारीच्या पगारातून गेले. बाईंनी मुलीला नागपूरला शिकायला ठेवलं होतं. तिच्या वसतिगृहाचे पैसे त्याच महिन्यात भरायचे होते. ते त्यांना उसने काढावे लागले. त्या मला इतकंच म्हणाल्या, "गुरुजी, तक्त्यात काही चुकलं नाही ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "बाई, संगणक कुठं चुकतो का?"

संगणक चुकला नव्हता हे खरंच. चुकलो होतो मी. ते कसं, हे समजण्यासाठी कर कसा मोजतात ते पाहू.

आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्या सर्वांनी पाहिल्या आहेत. तलावाचं पाणी सोडलं की ते आधी वरच्या बांधीत भरतं. ती भरली की धुऱ्यावरून खालच्या बांधीत उतरतं. खालच्या बांधीत पाणी गेलं म्हणून वरच्या बांधीतलं पाणी कुणी काढून नेत नाही. कराचे टप्पे असेच आहेत. नव्या पद्धतीत २०२४-२५ साली पहिल्या ३ लाखांवर काहीच कर नव्हता. ३ ते ७ लाखांच्या टप्प्यात पडणाऱ्या रुपयांवर शेकडा ५, ७ ते १० लाखांच्या टप्प्यावर शेकडा १०, आणि पुढे असेच चढते दर होते. पुष्कळांना वाटतं, की ७ लाखांवर एक रुपया गेला की सगळ्याच पगारावर शेकडा १० लागतात. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या रुपयांना.

आता बाईंचा हिशेब करू. पगार ७,८५,०००. त्यातून पगारदारांना मिळणारी ठरावीक वजावट ७५,००० गेली, राहिले ७,१०,०००. पहिल्या ३ लाखांवर शून्य. पुढच्या ४ लाखांवर शेकडा ५ प्रमाणे २०,०००. वरच्या १०,००० वर शेकडा १० प्रमाणे १,०००. एकूण २१,०००. त्यावर आरोग्य व शिक्षण उपकर शेकडा ४, म्हणजे ८४०. बेरीज २१,८४०. हाच आकडा माझ्या तक्त्याने दिला होता.

पण कायद्यात आणखी एक पायरी आहे. करपात्र उत्पन्न ७ लाखांपर्यंत असेल, तर त्या वर्षी सगळा कर माफ होता. मग ७ लाखांवर १०,००० अधिक मिळाले म्हणून एकदम २१,००० कर द्यायचा का? हा अन्याय होऊ नये म्हणून कायदा म्हणतो, की ७ लाखांच्या वर जितके रुपये असतील, त्यांच्याहून कर अधिक असू नये. याला सीमांत सवलत म्हणतात. बाईंचे वरचे रुपये १०,०००. म्हणून कर १०,००० आणि उपकर ४००, एकूण १०,४००. फेब्रुवारीत त्यांचे १६,३४० नव्हे, फक्त ४,९०० कापायला हवे होते.

तक्ता मी तपासलाच नव्हता, असं नाही. ७ लाख घालून पाहिले, उत्तर शून्य आलं. ९ लाख घालून पाहिले, ४१,६०० आलं. दोन्ही बरोबर. पण ७ लाखांच्या जरासं पुढची रक्कम काही मी घालून पाहिली नव्हती. ती पायरी मी संगणकाला सांगितलीच नव्हती. मग तो ती कशी करणार? ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो, ते म्हणजे क्रमाने लिहून दिलेल्या आज्ञा. लिहिलेल्या आज्ञा तो कंटाळा न करता हजार वेळा पाळील. न लिहिलेली एकही पाळणार नाही.

बाईंनी पुढे विवरणपत्र भरलं, तेव्हा आयकर खात्याच्या संगणकाने बरोबर हिशेब केला आणि ११,४४० रुपये परत मिळाले. पण ते हाती आले तेव्हा शेतात धान निसवत होतं. फेब्रुवारीची नड फेब्रुवारीतच होती.

आता शेतकरी बंधूंकडे वळतो. निव्वळ शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा आयकर नाही. राज्यघटनेने तो विषय राज्यांकडे दिला आहे. परंतु घरात शेती आणि नोकरी दोन्ही असली, म्हणजे धानाची शेती पाहणारे गुरुजी किंवा ग्रामसेवक असले, तर हिशेबात एक वळण येतं. डॉ. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ साली शिफारस केली आणि १९७३ पासून तो नियम लागू झाला. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असेल, आणि इतर उत्पन्नही करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरतं शेतीचं उत्पन्न हिशेबात धरतात.

उदाहरण घेऊ. त्याच २०२४-२५ सालच्या दरांनी गुरुजींचं करपात्र वेतन ८ लाख, शेतीचं निव्वळ उत्पन्न १ लाख. दोन्ही मिळून ९ लाख. त्यावर कर ४०,०००. मग शेतीचे १ लाख आणि करमुक्त ३ लाख अशा ४ लाखांवरचा कर काढायचा, तो ५,०००. वजाबाकी ३५,०००. शेती धरली नसती तर कर ३०,००० आला असता. म्हणजे शेतीवर कर नाही हे खरं, पण शेती असल्यामुळे पगार वरच्या बांधीतून खालच्या बांधीत सरकतो. फोनवरून फिरणाऱ्या तक्त्यांत शेतीचं घर नसेल, तर या गुरुजींचा कर कमी दिसेल, आणि पुढे मागणीची नोटीस येऊ शकेल. तेव्हा तक्ता असा होता, ही सबब चालत नाही. विवरणपत्राखाली नाव आपलं असतं.

कुणी म्हणेल, आपल्यासारख्यांचे तक्ते चुकतील, सरकारचं सॉफ्टवेअर तर चुकणार नाही? त्याचीही एक गोष्ट ऐका. ती आपल्या मुंबई उच्च न्यायालयातली आहे. ५ जुलै २०२४ रोजी आयकर खात्याने विवरणपत्र भरण्याच्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. त्यानंतर नव्या पद्धतीतल्या ज्या करदात्यांचं काही उत्पन्न विशेष दराचं होतं, उदाहरणार्थ शेअर वर्षाच्या आत विकून झालेला नफा, त्यांना त्या नफ्यावरच्या करापुरती कलम ८७-ए ची सूट मागताच येईना. सूट मिळते की नाही, हा वादाचा प्रश्न होता. पण मागण्याचं दारच बंद झालं होतं.

'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' ही मुंबईची संस्था जनहित याचिका घेऊन न्यायालयात गेली. न्यायालयाने आधी डिसेंबर २०२४ मध्ये मुदत १५ जानेवारी २०२५ पर्यंत वाढवायला सांगितली, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी निकाल दिला. सूट द्यावी की न द्यावी, हे न्यायालयाने ठरवलं नाही. ते कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने, बाजू ऐकून ठरवावं. परंतु करदात्याला मागणीच करू न देणं, हे सॉफ्टवेअरचं काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढे २०२५ च्या वित्त कायद्याने ही सूट विशेष दराच्या करावर मिळणार नाही, असं कायद्यातच घातलं. तो बदल संसदेने केला, यंत्राने नव्हे. मला त्यातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो.

आपल्या देशात आयकर आणला जेम्स विल्सन यांनी, १८६० साली. तेव्हापासून दर बदलत आले आहेत, आणि दर बदलले की जुना तक्ता निरुपयोगी होतो. २०२५-२६ साली नव्या पद्धतीत करमुक्त टप्पा ४ लाखांचा झाला आणि पूर्ण सुटीची मर्यादा १२ लाखांवर गेली. १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला, तो १ एप्रिल २०२६ पासून. त्यात कलमांचे क्रमांकही बदलले. म्हणून गेल्या वर्षीच्या तक्त्यात नुसतं साल खोडून नवं लिहू नका.

मग करावं काय? शिक्षक बंधु-भगिनींनो, कुणाचाही तक्ता हाती आला, माझा असला तरी, आधी त्याची परीक्षा घ्या. २०२५-२६ च्या दरांसाठी तीन आकडे सांगतो. जवळ कागद असेल तर लिहून घ्या. वजावट जाऊन करपात्र उत्पन्न १२,००,००० घाला. कर शून्य यायला हवा. १२,१०,००० घाला, उपकरासह १०,४०० यायला हवा. १३,००,००० घाला, उपकरासह ७८,००० यायला हवा. मधला आकडा चुकला, तर त्या तक्त्यात माझीच चूक आहे असं समजा. जी परीक्षा घ्यायची ती धुऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे, अशी दोन्हीकडे घ्यावी. शेती असेल तर शेतीचं घर आहे का ते पाहा. व्यवसाय कराचे २,५०० रुपये जुन्या पद्धतीत वजा होतात, नव्या पद्धतीत होत नाहीत, तेही पाहा. आणि आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कर मोजण्याची मोफत सोय आहे. तिथला आकडा आणि आपला आकडा ताडून बघा.

मी स्वतः आता हा हिशेब वर्गात घेतो. सातवी-आठवीची मुलं शेकडेवारी शिकतातच. मग बांध्या काढून आणि आकडे भरून ती कराचा हिशेबही करतात. मागच्या खेपेला एका मुलाने घरी जाऊन आपल्या वडिलांच्या तक्त्यातली चूक दाखवली. वडील आधी रागावले, मग त्यांनी कागद घेऊन हिशेब केला, आणि दुसऱ्या दिवशी मला भेटायला शाळेत आले.

त्या बाईंनाही मी पुढच्या वर्षी तक्ता दिला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. म्हणाल्या, "गुरुजी, आधी हातानं करून दाखवा." मी फळ्यावर करून दाखवला. मग त्यांनी तो घेतला.

आपणही तसंच करावं, एवढंच सांगून आपली रजा घेतो.