मंडळी कशासाठीं जमते?

'मंडळी' हा शब्द आपल्या भाषेंत मोठा जिव्हाळ्याचा आहे. घरांतील माणसें ती मंडळी, पंगतीस बसलेले लोक ती मंडळी. जुन्या वळणाचा गृहस्थ तर आपल्या पत्नीचा उल्लेखही 'आमची मंडळी' असाच करी. ख्रिस्ती शास्त्र मराठींत आलें तेव्हां येशूच्या अनुयायांच्या समूहास हाच शब्द योजण्यांत आला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ बोलावून जमविलेली सभा असा आहे; मराठीनें त्या सभेस घरपण दिलें. ही घरासारखी सभा कशासाठीं जमते, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

उपासनेसाठीं, असें उत्तर कोणीही देईल, व तें खोटें नाहीं. परंतु शास्त्रवाचन घरीं करतां येतें, प्रार्थना एकांतांत करतां येते, आणि प्रवचन तर रेडिओवरून घरबसल्या ऐकूं येतें. मग गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यानें मंदिराच्या पायऱ्या कां चढाव्या? आठवडाभर राबलेल्या मजुरानें आपली एकुलती सुटी तेथें कां वेंचावी? जें एकट्यानें होण्यासारखें नाहीं असें कांहीं तेथें घडत असेल तरच या येण्याला अर्थ आहे. तें म्हणजे एकमेकांची सेवा. उपासनेनंतर उरलेल्या वेळांत करावयाचें हें परोपकाराचें जोडकाम नव्हे. उपासनेचेंच तें अंग आहे.

करिंथ येथील मंडळीचें उदाहरण घ्या. दोन बंदरांचें हें भरभराटीचें व्यापारी शहर. तेथील मंडळी एखाद्याच्या घरीं जमून एकत्र भोजन करी व त्या भोजनांतच प्रभूच्या मरणाचें स्मरण होई. रविवारची सुटी रोमन राज्यांत इ. स. ३२१ पर्यंत नव्हती. तेव्हां मोलमजूर व गुलाम दिवसाचें काम उरकूनच येत असले पाहिजेत. इकडे सुखवस्तु लोक आपापली शिदोरी सोडून आधींच जेवूं लागत. परिणाम असा होई कीं, एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन तर्र होई. ही वार्ता कानीं येतांच, इ. स. ५५ च्या सुमारास, पौलानें त्यांस पत्र लिहिलें. त्यांत त्यानें प्रार्थनेच्या शब्दांचा किंवा विधीचा दोष काढला नाहीं. तुम्ही जें जेवतां तें प्रभुभोजन नव्हेच, असा त्याचा स्पष्ट निर्णय आहे. कारण ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांना तेथें लाजविलें जात होतें. आणि उपाय काय सांगितला? एकमेकांची वाट पाहा. उपाय अगदीं साधा आहे. परंतु ज्याचें ताट वाढून तयार आहे त्याला तो किती कठीण जातो, हें आपण सर्व जाणतों.

त्याच्या आधींचा प्रसंग यरुशलेमांतील आहे. तेथें विधवांना रोज अन्न वाटलें जाई. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे या वाटपांत दुर्लक्ष होतें, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनीं ती दडपली नाहीं, कीं तक्रार करणारांस कृतघ्न म्हटलें नाहीं. त्यांनीं मंडळीकडून सात माणसें निवडवून घेतलीं, आणि त्या सातांचीं नांवें पाहिलीं तर तीं सर्व ग्रीक आहेत. ज्या बाजूची तक्रार होती त्या बाजूच्याच माणसांच्या हातीं वाटप सोंपविण्यांत आलें, असें दिसतें. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. अन्न वाढणें आणि वचनाचा उपदेश करणें या दोहोंसही मूळ ग्रंथांत एकच शब्द आहे, आणि त्याचा अर्थ सेवा. व्यासपीठ व स्वयंपाकघर यांत आपण जी उच्चनीचता मानतों ती त्या शब्दास ठाऊक नाहीं.

पुढें इ. स. १५० च्या सुमारास जस्टिन नांवाच्या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यानें रोमन बादशहास उद्देशून एक समर्थन लिहिलें. त्यांत रविवारच्या सभेचें वर्णन आहे. जे येऊं शकले नाहींत त्यांचा वांटा सेवक त्यांच्या घरीं नेऊन देत. जमलेला निधि अनाथ, विधवा, आजारी, बंदींत पडलेले आणि परगांवचे पाहुणे यांच्यासाठीं खर्च होई. म्हणजे जो आला नाहीं त्याचीही आठवण त्या सभेंत ठेवली जाई.

आपल्या महाराष्ट्रांत या सहभागितेची परीक्षा पाण्याच्या भांड्यापाशीं झाली. येथें निरनिराळ्या जातींचीं माणसें एका मंडळींत आलीं. परंतु एका पेल्यांतून पिणें व एका पंक्तीस बसणें ही गोष्ट बाप्तिस्म्याच्या पाण्यानें एका दिवसांत साधली नाहीं. सोवळ्याची ही गांठ मनांतून सुटण्यास किती झगडावें लागलें, हें लक्ष्मीबाई टिळकांनीं १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त मोकळेपणानें सांगितलें आहे. आणि ती गांठ सर्वत्र पुरती सुटली आहे, असें आजही छातीवर हात ठेवून कोणी म्हणूं शकेल काय?

येथें 'एकमेकांची' या शब्दाकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. देणें सोपें आहे. त्यांत मान आहे. घेणें कठीण आहे. गुरु पाय धुवावयास वांकला तेव्हां पेत्रानें पाय मागें घेतले, याचें कारण हेंच. ज्या मंडळींत नेहमीं तेच देतात व नेहमीं तेच घेतात तें अन्नछत्र होईल, आणि तेंही पुण्याचेंच काम आहे. पण ती मंडळी नव्हे. यरुशलेमच्या गरिबांसाठीं पौलानें वर्गणी जमविली तेव्हां मासेदोनियांतील कंगाल लोकांनीं, आम्हांलाही देऊं द्या, अशी गळ घातली. आज तुमच्या विपुलतेनें त्यांची उणीव भरावी व उद्यां त्यांच्या विपुलतेनें तुमची, असा समतेचा हिशेब त्यानें करिंथकरांपुढें मांडला. पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत याचें जिवंत रूप दिसलें. १८९७ च्या दुष्काळांत जीव वांचविण्यासाठीं आणलेल्या मुली तेथें शिकल्या, आणि १९०० सालीं गुजराथेंतून उपाशी मुली आल्या तेव्हां त्यांची शुश्रूषा करणारांत याच आधींच्या मुली होत्या.

जे श्रोते ख्रिस्ती नाहींत त्यांनाही ही कसोटी परकी वाटूं नये. पंगत कोणाची, वाढपी कोण आणि बाहेर कोण उभा, हा प्रश्न आपल्या साऱ्या समाजास जुनाच आहे.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींस मात्र एक विनंति करतों. पंचांच्या निवडणुकीची चुरस आणि मालमत्तेचे तंटे यांत मंडळीची पुष्कळ शक्ति खर्ची पडते. येत्या रविवारीं उपासना संपल्यावर लगेच घराकडे वळूं नका. नेहमींची कोणती जागा आज रिकामी होती, तें पाहा. ज्याच्याशीं वर्षभरांत आपण एक शब्द बोललों नाहीं असा कोण शेजारच्या बाकावर बसतो, तें आठवा. त्याच्याकडे जा, आणि त्यानें चहाचा पेला पुढें केला, मग त्याचें घर कोणतेंही असो, तर तो आनंदानें घ्या.