टेटनच्या खोऱ्यांतून वसईकडे पाहतांना

(जुबिलीनिमित्त पॅरिश सभागृहांत एका भगिनीनें केलेलें भाषण)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगीं मीं चार शब्द बोलावे अशी समितीची आज्ञा झाली, तेव्हां प्रथम मी नाहींच म्हणत होतें. मी व्यवसायानें परिचारिका. माझें आयुष्य रोग्यांच्या खाटांपाशीं गेलें. व्यासपीठाचा मला सराव नाहीं. परंतु समितीचे एक वडील सभासद म्हणाले, "बाय, तूं राहतेस तो मुलूख फार देखणा आहे असें ऐकतों. त्याचेंच वर्णन कर, म्हणजे झालें." हें काम सोपें वाटलें म्हणून मीं होकार दिला. लिहावयास बसल्यावर मात्र कळून आलें कीं, त्या मुलुखाचें वर्णन करतां करतां लेखणी वारंवार वसईकडेच वळते. त्यास माझा इलाज नाहीं.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आयडाहो नांवाचें एक संस्थान आहे. त्याच्या पूर्व सीमेवर, वायोमिंग संस्थानाला लागून, टेटन काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा एक विभाग समजावा. क्षेत्रफळ सुमारें ४५० चौरस मैल. मुख्य गांवें तीन, ड्रिग्ज, व्हिक्टर आणि टेटोनिया. व्हिक्टर गांवाच्या कडेला आमचें बिऱ्हाड गेलीं अकरा वर्षें आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची सुमारें ५,४०० फूट. आमच्या खोऱ्याची तर नुसती सपाट जमीनच ६,००० फुटांवर आहे. त्या जमिनीच्या पूर्वेस टेटन पर्वताची भिंत उभी राहिली आहे व तींत ग्रँड टेटन हें शिखर १३,७७५ फुटांवर गेलें आहे. संध्याकाळीं सूर्य मावळतांना ती सारी भिंत गुलाबी होते. अकरा वर्षें झालीं, तरी भांडीं घासतां घासतां माझा हात त्या वेळीं थांबतो.

खोऱ्यांत बियाण्याचे बटाटे पिकतात, जव पिकतो. हिवाळा नोव्हेंबरांत येतो तो एप्रिलपर्यंत हालत नाहीं. सकाळीं उठून प्रथम फावड्यानें बर्फ दूर करावें, मग दार उघडावें, असा क्रम. गांवाबाहेरच्या प्रत्येक घराची विहीर स्वतःची आणि मैल्याची टाकीही स्वतःचीच. कधीं परसांत मूस नांवाचें घोड्याएवढें हरिण येऊन उभें राहतें. तें जाईपर्यंत मनुष्यानें घरांत थांबावें, हा तेथील शिष्टाचार. शरद ऋतूंत करड्या रंगाचे मोठे क्रौंच पक्षी दक्षिणेस जाण्यापूर्वीं शेकड्यांनीं येथें जमतात, जवाच्या कापलेल्या शेतांतले दाणे वेंचतात आणि एके दिवशीं वर वर घिरट्या घेत निघून जातात. जवाचीं शेतें कमी होऊं लागलीं तसें त्यांचें अन्नही कमी होऊं लागलें. म्हणून कांहीं लोक आतां खास त्या पक्ष्यांकरितां धान्य पेरतात.

शेतें कमी कां झालीं, हें आंकड्यांवरून कळेल. १९९० सालीं काउंटीची वस्ती ३,४३९ होती. २००० सालीं ५,९९९. २०१० सालीं १०,१७०. २०२० च्या खानेसुमारींत ११,६३०. तुम्हांला हंसूं येईल. आपल्याकडे चार इमारतींच्या आवारांत इतकीं माणसें सांपडतात. पण तीस वर्षांत एखादें गांव तिपटीहून मोठें झालें, कीं आंकडा लहान असो वा मोठा, जुन्या माणसाला आपल्याच गल्लींत परका झाल्यासारखें वाटतें.

या वाढीचें मूळ डोंगरापलीकडे आहे. तेथें वायोमिंगमधील जॅक्सन गांव. त्याच्याही काउंटीचें नांव टेटनच. तेथील सुमारें ९७ टक्के जमीन सरकारी, राष्ट्रीय उद्यानांची व अरण्यांची. उरलेल्या तीन टक्क्यांवर जगांतले धनिक घरें बांधतात. साध्या घराची किंमत कित्येक दशलक्ष डॉलर! अशा गांवांत स्वयंपाकी, शिक्षक, सुतार, परिचारिका यांनीं राहावें कोठें? म्हणून तीं सारीं डोंगराच्या अलीकडे आमच्या खोऱ्यांत राहतात आणि रोज घाट ओलांडून कामाला जातात. मीही त्यांतलीच एक. २००८ पूर्वीं जमिनीचा असा कांहीं ज्वर चढला होता कीं, शेतकऱ्यांनीं शेतें विकलीं, अडीच अडीच एकरांचे तुकडे पडले, हजारों तुकड्यांचे नकाशे मंजूर झाले. मग बाजार कोसळला. वर्षानुवर्षें रस्ते होते, वेशीवर दगडी खांब होते आणि आंत घर नव्हतें. पुढें २०२० च्या महामारीनंतर शहरांतले लोक घरीं बसून काम करूं लागले, आणि घरीं बसावयाचें तर खिडकींतून पर्वत दिसावा, असें त्यांना वाटलें. यांत त्यांचें चुकलें असें मला म्हणवत नाहीं. मलाही तसेंच वाटतें.

आतां त्या घाटाविषयीं सांगतें. टेटन पास ही खिंड ८,४३१ फुटांवर आहे. चढ इतका कीं, शंभर फुटांस दहा फूट रस्ता चढतो. हिवाळ्यांत बर्फाचे कडे कोसळण्याचें भय असलें म्हणजे रस्ता बंद ठेवतात. २०२४ च्या जून महिन्यांत बर्फ नव्हतें, पण डांबरांत एक भेग पडली. लोकांनीं ती पाहिली, कामगारांनीं बुजविली, आणि ८ जूनच्या पहाटे रस्त्याचा मोठा तुकडा खालच्या दरींत निघून गेला. देवाची कृपा कीं त्या वेळीं त्यावर कोणी नव्हतें. दुसरी वाट स्नेक नदीच्या कांठानें लांबच्या वळणाची. पाऊण तासाच्या जागीं दोन तास. २८ जूनला तात्पुरता रस्ता खुला झाला. त्या वीस दिवसांत कोणी गाडींत झोंपलें, कोणी सोबत्यांच्या घरीं जमिनीवर अंथरूण घातलें, कोणाच्या मुलांना आई आठवड्याभरानें भेटली. जॅक्सनकरांना त्या दिवसांत प्रथमच कळलें कीं, आपली भांडीं घासणारें, आपल्या मुलांना शिकविणारें, आपल्याला सुई टोंचणारें माणूस डोंगराच्या दुसऱ्या बाजूचें आहे.

येथवर वर्णन झालें. आतां जें सांगावयाचें तें जड आहे.

२०२१ सालीं आमच्या घरामागच्या शेतांत लहान लहान घरांची एक वसाहत उभारण्याचा बेत निघाला. घरें दाटीनें, भिंतीला भिंत लागून, कष्टकऱ्यांना परवडतील अशीं. तें शेत म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकींतला देखावा! शेजाऱ्यांनीं एक अर्ज फिरविला कीं खोऱ्याचें ग्रामीण स्वरूप राखावें. मीं सही केली. एवढ्यावर न थांबतां मी जाहीर सुनावणीस गेलें. प्रत्येकास तीन मिनिटें मिळतात. त्या तीन मिनिटांत मीं त्यांना वसईची कथा सांगितली. १९८८ सालीं सरकारनें आमच्या जमिनी बांधकामास कशा मोकळ्या केल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढारीपणाखालीं हरित वसईची चळवळ कशी उभी राहिली. मी शाळकरी मुलगी आईचें बोट धरून मोर्चांत कशी चाललें. आणि तरीही २००९ सालीं महानगरपालिका आली व २०११ च्या खानेसुमारींत वस्ती बारा लाखांवर कशी गेली, हें सारें सांगितलें. केळीच्या वाड्या, पानवेली, रहाटाची विहीर, कांहीं सोडलें नाहीं. सभागृहांत टाळ्या पडल्या. एका बाईनें डोळे पुसले. तो बेत पुढें बारगळला.

दोन महिन्यांनीं आमच्या रुग्णालयांतील एका भगिनीनें नोकरी सोडली. ती खोल्या साफ करण्याचें काम करी. मूळची मेक्सिकोची, रविवारच्या मिस्साला दोन मुलांना घेऊन माझ्याच बाकावर बसणारी. भाड्याचें घर मालकानें विकल्यामुळें ती निघाली होती. तिला निरोप देतांना मीं सहज विचारलें, येथेंच दुसरी जागा कां पाहत नाहींस? ती म्हणाली, व्हिक्टरला नवीं घरें होणार होतीं. तेथें तिनें नांव नोंदविलें होतें. मीं सुनावणींत काय बोललें हें तिला ठाऊक होतें कीं नाहीं, मला अजून कळलें नाहीं. तिनें मला दोष दिला नाहीं. मुलांच्या जुन्या बर्फाच्या बुटांचा एक जोड मात्र मला देऊन गेली, कोणाला लागले तर म्हणून.

बंधुभगिनींनो, आईबरोबर मी ज्या मोर्चांत चाललें तो जमिनीचा सौदा करणाऱ्यांविरुद्ध होता. त्याचीच आठवण सांगून मीं एका मोलकरणीचें घर अडविलें. शब्द तेच होते, भावनाही खोटी नव्हती. फरक इतकाच कीं वसईंत मी आधींची होतें आणि टेटनांत मागाहून आलेली; आणि मागाहून आलेल्यास वेशीचा दरवाजा लावून घेण्याची घाई अधिक. २०२२ सालीं काउंटीनें जमिनीच्या वापराचे नवे नियम केले. मोठमोठे तुकडे ठेवले तर शेत वांचतें असें एक पक्ष म्हणतो; तेवढा मोठा तुकडा केवळ श्रीमंतच घेतो असें दुसरा म्हणतो. मला दोन्ही खरें वाटतें. पूर्वीं मला एकच खरें वाटे, आणि झोंपही बरी येई.

आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी आहेत. त्यांच्या घराण्यानें पिढ्यान् पिढ्या बटाटे लावले. त्यांनीं निम्मी जमीन विकली, म्हणून मीं एकदां थोड्या नाराजीनेंच त्यांना विचारलें, कां विकलीत? ते म्हणाले, "तुमचें घर ज्या जमिनीवर आहे ती माझ्या चुलत्यानें विकली. तेव्हां तुम्हीं त्याला हें विचारलें होतें काय?" मग त्यांनीं मला बटाट्यांची एक पिशवी दिली. त्यांचा नातू रेक्सबर्गला राहतो. आजोबांच्या खोऱ्यांत घर घेणें त्याला झेंपत नाहीं.

या खेपेस मी केवळ जुबिलीसाठीं आलें नाहीं, हें आमच्या आळींतल्यांना ठाऊक आहे. आमची वाडी विकण्याचा कागद तयार आहे आणि वांटेकरीण म्हणून माझी सही हवी आहे. दादाचे गुडघे गेले. मुलगा मुंबईस जातो. केळीला पाणी कोण देणार? दोन विहिरींपैकीं एकीचें पाणी खारट झालें आहे. घेणारा चांगली किंमत देतो. मीं दादाला इतकेंच विचारलें कीं, तेथें कोण राहावयास येणार? तो हंसला. म्हणाला, "तूं तेथें गेलीस तेव्हां कोणी हें विचारलें?" दादा आणि तो म्हातारा शेतकरी एकमेकांस कधीं भेटलेले नाहींत!

परवां संध्याकाळीं आम्ही दोघें बहीणभाऊ वाडींत बसलों होतों. पलीकडच्या इमारतीच्या सज्ज्यांत एक तरुण बाई कपडे वाळत घालीत होती. कोठून आली असेल कोण जाणे. तिचें लेकरूं कठड्याच्या गजांतून आमच्या केळींकडे टक लावून पाहत होतें. दादानें एक पिकली फणी काढली व गड्याबरोबर त्यांच्याकडे पाठविली. हें तो नेहमींच करतो, असें वहिनीनें मागाहून सांगितलें.

माझें परतीचें विमान पुढच्या मंगळवारीं आहे. कागद अजून मेजावरच आहे. वाऱ्यानें उडूं नये म्हणून दादानें त्यावर विहिरीच्या कांठचा एक दगड ठेवला आहे.