शाळा आहे, पण जायचं कसं?



कुवेतमध्ये शाळा निवडताना आपण सगळेच दोन प्रश्न विचारतो. अभ्यासक्रम कुठला, आणि बस आपल्याकडे येते का? सालमिया असो की अब्बासिया, इथल्या भारतीय शाळा खासगी. बसचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि आपण ते मोजतो.

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये चार्टर शाळांचा पहिला कायदा केला. पैसा सरकारचा, कारभाराची मोकळीक शाळेला. कल्पना चांगली, पण काही राज्यांत या शाळांवर बस पुरवण्याचं बंधनच नाही. म्हणजे ज्याच्या दारात गाडी, त्यालाच निवड!

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला. राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची 3 किलोमीटरच्या आत हवी. शाळेचा आराखडा करायचा, निधीवर लक्ष ठेवायचं, हे काम शाळा व्यवस्थापन समितीचं. तिच्यात 75 टक्के पालक असतात.

2023 मध्ये शासनाने 20 पेक्षा कमी पट असलेल्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं उदाहरण दिलं गेलं. पण तिथे मुलांची ने-आण करायला बस होती. वाडीवरची शाळा मिटली आणि बस आलीच नाही तर? मुलगा कदाचित सायकल काढेल. मुलीला मात्र घरचे थांबवतील. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. पण जिथे एसटीच जात नाही, तिथे पास काय कामाचा?

म्हणून आमच्या गटाचं म्हणणं असं, की मंडळाने बस भेट देऊ नये. फोटो झकास येतो, पण डिझेल, ड्रायव्हरचा पगार आणि विमा दरवर्षी लागतो. त्याऐवजी जमलेला निधी सलग तीन वर्षं गाडीभाड्यासाठी एकाच शाळेच्या समितीकडे द्यावा. गाडी कुठल्या वाडीवरून किती वाजता निघावी, हे इथे दस्मानमध्ये बसून आपण ठरवू नये. ते तिथल्या आयांना जास्त कळतं. आपण हिशेब मात्र दरवर्षी मागू, आणि किती मुली रोज शाळेत पोचल्या तेही विचारू.

आपण सढळ हाताने मदत कराल, ही खात्री आहे.