केसपेपरवरील एक रकाना
(वार्षिक सभेतील निवेदन)



आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकावर बोलणे हा आमचा अधिकार नव्हे. तरी एक हिशेब मांडतो. केसपेपरवरील 'स्त्री/पुरुष' हा रकाना आम्ही कटाक्षाने भरून घेतो. त्याचा उपयोग मात्र खाटांच्या वाटपापुरता. मोठ्यांकडेही हेच घडले आहे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली संमत झाली, ती स्त्री-पुरुषांस एकाच मात्रेत. स्त्रियांच्या रक्तात ती सकाळपर्यंत अधिक उरते, म्हणून त्यांची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणावयास २०१३ उजाडले.

गतवर्षी एक भगिनी धाप, मळमळ व पाठदुखी घेऊन आपल्याकडे आल्या. हृदयविकारात ही लक्षणे स्त्रियांत अधिक आढळतात, हे आमच्या खिडकीस ठाऊक नव्हते. छातीत कळ नाही म्हणून त्यांना रांगेत बसविले. तो झटकाच होता. त्या वाचल्या, ते श्रेय डॉक्टरांचे; रांगेतले दोन तास आमच्या नावे.

आता अशा तक्रारीच्या रुग्णाचा ईसीजी आधी निघतो, पावती मागाहून फाडली जाते. लेखापरीक्षकांनी त्यावर शेरा मारला आहे. तो आम्ही आनंदाने स्वीकारला आहे.